भीमा वाहते आहे, तरी दुष्काळ?

सोलापूर जिल्ह्यात पावसाचा पत्ता नाही आणि पंढरपुरात चंद्रभागेला पूर, हे भीमाकाठच्या लोकांनी अनेकदा पाहिले आहे. तो पाऊस पडलेला असतो वर, पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावर. तरीही दुष्काळाची चर्चा निघाली की आपण पर्जन्यमापकाचा आकडा आणि पैसेवारी पुढे करतो. नदीच्या प्रवाहाची नोंदवही क्वचितच उघडली जाते आणि त्यामुळे काही चुकीचे समज पक्के झाले आहेत.

‘पाऊस कमी झाला की नदीचा दुष्काळ सुरू, पाऊस आला की संपला.’

पावसाची तूट आधी पिकाला जाणवते. नदी, विहिरी आणि धरणांपर्यंत ती काही महिन्यांनी पोहोचते. २०२३ च्या पावसाळ्यात भीमेवरचे उजनी धरण पूर्ण भरले नाही. त्याची खरी झळ २०२४ च्या जानेवारीत धरण मृतसाठ्यात गेले तेव्हा आणि पुढच्या उन्हाळ्यात बसली. जूनमधल्या दोन चांगल्या सरींनी शेत हिरवे होते, पण आटलेले भूजल तेवढ्याने भरत नाही आणि नदीचा मूळ प्रवाहही परतत नाही.

‘पात्र कोरडे म्हणजे दुष्काळ, पाणी दिसते म्हणजे सारे ठीक.’

सर्वांत घातक समज हाच. आपल्या नद्यांना बर्फाचे पाणी नाही. सीनेसारखी नदी मे महिन्यात कोरडी पडणे हे तिचे नेहमीचेच आहे. म्हणून मे महिन्याची तुलना आधीच्या मे महिन्यांशी करायची, वार्षिक सरासरीशी नव्हे.

उलट बाजू अधिक फसवी आहे. सोलापूर शहरासाठी उजनीतून सोडलेले पाणी वर्षानुवर्षे भीमेच्या पात्रातूनच औज बंधाऱ्यापर्यंत येत आले आहे. त्यामुळे भर टंचाईतही खालच्या भागात नदी वाहताना दिसते. नदीवरच्या प्रवाहमापन केंद्राच्या नोंदीत तो प्रवाहच म्हणून लिहिला जातो, पण ते पाणी असते गेल्या पावसाळ्यात साठवलेले. धरणातला विसर्ग, कालव्यांनी आणि उपसा योजनांनी उचललेले पाणी यांचा हिशेब घालून नैसर्गिक प्रवाह काढल्याशिवाय अशा नोंदीवरून खोऱ्याचा दुष्काळ ठरवणे मला सरळ चूक वाटते.

‘सरासरीपेक्षा कमी म्हणजे दुष्काळ.’

एका महापुराने सरासरी फुगते आणि मग बरीचशी वर्षे ‘कमी’ ठरतात. म्हणून प्रवाह दुष्काळ निर्देशांकात जूनपासूनचा तीन, सहा, नऊ किंवा बारा महिन्यांचा एकूण प्रवाह घेतात. पुराचे टोक बोथट करण्यासाठी बहुधा त्याचा लॉगॅरिदम काढतात. मग दीर्घकालीन सरासरीपासूनचा फरक प्रमाण विचलनाने भागतात. उत्तर उणे १ च्या खाली गेले तर मध्यम, उणे १.५ च्या खाली तीव्र आणि उणे २ च्या खाली अतितीव्र दुष्काळ. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन नियमावलीतही जलसाठे आणि भूजलाबरोबर नदीप्रवाहाचा विचार केला आहे.

‘सरकारी नोंद आहे, म्हणजे आकडा अचूक.’

प्रवाहमापन केंद्रावर रोज प्रामुख्याने पाण्याची पातळी वाचली जाते. तिच्यावरून घनमीटर प्रतिसेकंद हा प्रवाह काढायला पातळी आणि प्रवाहाच्या संबंधाचा आलेख लागतो. वाळूउपशाने किंवा पुराने पात्राचा तळ बदलला की जुना आलेख चुकू लागतो. पाणी कमी असते तेव्हा ही चूक सर्वांत जास्त जाणवते, आणि दुष्काळ मोजायचा असतो तो नेमका त्याच वेळी. शिवाय दहा-बारा वर्षांच्या नोंदीवर असा निर्देशांक उभा राहत नाही. निदान तीस वर्षे हवीत.

तेव्हा एखाद्या खोऱ्यातल्या दुष्काळाचा आकडा समोर आला तर तीन गोष्टी जरूर विचारा. नोंद कोणत्या केंद्राची, किती वर्षांची, आणि धरणातून सोडलेले पाणी त्यातून वजा केले आहे का?