अँगलला हूक अडकवताना

ऊस विकास खात्याच्या माणसाने लोखंडावर लिहावे, हे काही सभासदांना विचित्र वाटेल. परंतु उसाच्या नोंदीसाठी वस्तीवर गेलं की कुठं ना कुठं गोठ्याचं नाहीतर शेडचं काम चाललेलं दिसतंच. पत्रे ठोकणारा गडी अलीकडे पट्टा बांधतो, ही चांगली गोष्ट आहे. मात्र पट्ट्याचा हूक कुठे अडकवला हे कोणी बघत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "साहेब, सहा एमएमचा अँगल आहे, तुटतोय काय!"

तुटत नाही हे खरे. तो पिळतो, आणि घात तिथेच होतो.

आधी झटका किती बसतो ते पाहू. हत्यारांसह १०० किलोचा गडी पावणेदोन मीटर पडला आणि दोरीने त्याला १५ सेंटिमीटरांत थांबवले, तर हुकावर सरासरी साडेबाराशे किलोंहून जास्त ओढ येते. दोरीला झटका शोषणारी शिवलेली पट्टी असेल तर तिची शिवण उसवत जाते, थांबायला जास्त अंतर मिळते आणि ओढ सुमारे ६०० किलोंच्या आत राहते. म्हणून असा पट्टाच घ्यावा, तोही छाती-मांड्यांना धरणारा. नुसता कमरेचा नको.

आता ५०×५०×६ चा अँगल खांबाला वेल्ड करून १० सेंटिमीटर बाहेर काढला आहे असे धरा. त्याची एक बाजू उभी, एक आडवी. हूक आडव्या बाजूच्या कडेला, म्हणजे कोपऱ्यापासून सुमारे ४५ मिलिमीटरवर. ६०० किलोंची ओढ उभ्या बाजूच्या ३०० चौरस मिलिमीटरवर आली, तर कातरणारा ताण, ज्याला फिटर लोक शिअर म्हणतात, चौरस मिलिमीटरला फक्त २ किलो. साधे लोखंड शिअरमध्ये सुमारे १४ किलोंपर्यंत तग धरते. वाकण्याचा ताणही १७ च्या आसपास, मर्यादा २५. इथपर्यंत गडी म्हणतो तेच बरोबर.

पिळाचा ताण मात्र २४ किलोंवर जातो, आणि मर्यादा तीच १४ ची! कारण अँगलला पीळ न पडता ओढ सोसायची, तर ती त्याच्या कोपऱ्यातून जावी लागते. कोपरा सोडून जितके बाहेर, तितकी तरफ लांब. त्यात अँगल उघड्या आकाराचा. अखंड कळकाचा तुकडा हाताने पिळून बघा, दाद देत नाही. तोच एका बाजूने उभा चिरला की सहज पिळतो. अँगलचं तसंच आहे. असे दोन अँगल तोंडाला तोंड लावून, दोन्ही सांधे सलग वेल्ड करून पेटी केली, तर पिळाविरुद्धचा ताठपणा एकट्या अँगलच्या सुमारे ७५ पट होतो. टाके मारलेल्या वेल्डिंगवर हा हिशोब धरू नये.

पत्र्याखालच्या लांब आडव्या अँगलला तर मधोमध हूक लावूच नये. दोन मीटरच्या गाळ्यात तिथे वाकण्याचाच ताण ८० च्या वर जातो, पिळापर्यंत जायची गरजच पडत नाही. हूक मुख्य खांबाला किंवा कैचीच्या जोडापाशी, रुंद पट्ट्याचा फास घालून लावावा. अँगलच्या धारेवर गोणपाटाची जाड घडी ठेवावी, नाहीतर फास कापतो. जागा इंजिनिअरला दाखवून घ्यावी.

जुन्या गोठ्यात आणखी एक गोष्ट. गोमूत्राने आणि ओलीने लोखंड खालून खात जाते, आणि वरून रंग मारल्यामुळे ते दिसत नाही. सहा मिलिमीटरचा चार राहिला, की पिळाविरुद्धचा ताठपणा मूळच्या तीन दशांशाच्या आसपास उरतो. चढण्याआधी हातोडीने पापुद्रा पाडून जाडी मोजावी. ज्या अँगलने एकदा पडलेला माणूस झेलला आहे, त्यावर लाल फुली मारून तो बदलावा, दिसायला सरळ असला तरी.

— ऊस विकास अधिकारी