बालसाक्षीला विचारावयाचा प्रश्न : नवोदित वकिलाच्या शिक्षणाचे एक अंग

बालक साक्ष देण्यास समर्थ आहे की नाही, ह्याचा निर्णय कायद्याने केवळ वयाच्या आकड्यावर सोपविलेला नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ११८ आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेले भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम १२४ ह्या दोहोंची कसोटी एकच आहे : कोवळ्या वयामुळे विचारलेले प्रश्न समजणे वा त्यांना सुसंगत उत्तरे देणे बालकास अशक्य होत आहे काय? म्हणजे परीक्षा बालकाची खरी. पण ती प्रश्नाच्या द्वारे, आणि प्रश्न रचणारा असतो वकील. नवोदित वकील कलमे शिकून येतो. प्रश्नाचे व्याकरण त्याच्या अभ्यासक्रमात सहसा नसते.

‘तू त्या वेळी घरी नव्हतास ना?’ ह्या प्रश्नास सात वर्षांच्या मुलाने ‘हो’ म्हटले, तर त्याचा अर्थ काय समजावयाचा? मराठीत ‘हो, नव्हतो’ हे उत्तर अगदी स्वाभाविक आहे. ‘हो, होतो की’ असेही मूल म्हणू शकते. इंग्रजीत मात्र ‘येस’ हे सामान्यतः नकाराचे खंडन करते. जेथे नोंद इंग्रजीत होते, तेथे एका अक्षराच्या भाषांतराने साक्ष उलटी फिरावी, आणि पुढे विसंगतीचा दोष मुलाच्या माथी यावा! ‘तू त्या वेळी कुठे होतास?’ एवढे विचारल्याने हे संकट टळते.

नात्याच्या शब्दांचेही तसेच. ‘काका’ म्हणजे वडिलांचे भाऊ, शेजारी किंवा रिक्षावाले, कोणीही. ‘परवा’ हा शब्द तर मागेही जातो, पुढेही.

लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या अधिनियमातील कलम ३३ नुसार दोन्ही पक्षांच्या वकिलांनी आपले प्रश्न विशेष न्यायालयास कळवावयाचे असतात व न्यायालय ते बालकास विचारते. आक्रमक प्रश्नांस तेथे मज्जाव आहे. पण सौम्य स्वरात विचारलेला दुहेरी नकार दुहेरीच राहतो. न्यायाधीशांच्या मुखातून आला म्हणून तो सोपा होत नाही. कलम ३८ दुभाष्याची व तज्ज्ञाची सोय करते, परंतु मूल व वकील दोघेही मराठी बोलत असता दुभाष्याची गरज कोणास सुचावी?

अमेरिकेत अॅन ग्रॅफॅम वॉकर ह्या भाषाशास्त्रज्ञ विदुषीने मुलांना प्रश्न कसे विचारावेत ह्याविषयी वकिलांसाठी लिहिलेली पुस्तिका १९९४ साली तेथील वकीलसंघाने प्रसिद्ध केली. तिचे नुसते भाषांतर मराठीत उपयोगी पडणार नाही, कारण ‘ना’ आणि ‘काका’ ह्यांच्या अडचणी इंग्रजीच्या नव्हेत. जुन्या उलटतपासण्यांतील प्रश्न नावे वगळून घ्यावेत, आणि प्रत्येकातून एकच गोष्ट विचारणारे, होकारार्थी, कर्ता स्पष्ट असलेले प्रश्न विद्यार्थ्यांकडून रचून घ्यावेत. हे काम विधी विभागाने भाषाशास्त्र विभागास बरोबर घेऊन करण्याजोगे आहे.