गाडीतळावरून हातकागदाकडे

हडपसरच्या गाडीतळावर सकाळी उभं राहावं, तर लॅपटॉपची सॅक नसलेला तरुण शोधावा लागतो. मगरपट्ट्यात जिथे शेती होती तिथे आता दिवसभर पडद्यावर बोधचिन्हं, वेष्टनं, अक्षरं आखली जातात. या मुलामुलींना एकच विचारावंसं वाटतं : तुम्ही कागद होताना पाहिलाय? त्यासाठी लांब जायला नको. शिवाजीनगरला के. बी. जोशी मार्गावर हातकागद संस्था आहे.

ज्यांचं नाव रस्त्याला आहे त्या जोशींनीच १९४० साली, गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या प्रेरणेतून, ती उभी केली. पुण्याला हातकागद नवा नव्हता. कसब्यातल्या कागदीपुऱ्याचं नावच तो करणाऱ्या कागदी मंडळींवरून पडलं. गिरणीच्या कागदापुढे तो धंदा टिकला नाही. जोशींनी तो नव्या तंत्राने पुन्हा उभा केला.

इथे झाड तोडावं लागत नाही. कच्चा माल म्हणजे होजिअरीच्या कापडाचं सुती कातरण. ते बारीक चिरून पाण्यासह बीटरमध्ये कुटतात आणि त्याचा लगदा होतो. किती वेळ कुटलं यावर कागदाचा स्वभाव ठरतो : कमी कुटला तर मऊ, शोषून घेणारा, जास्त कुटला तर कडक, खडखडीत. मग हौदातल्या पातळ लगद्यात जाळीचा साचा बुडवून वर उचलायचा आणि उचलताना आडवा-उभा हलवायचा. या हलवण्यातच कारागिराची सारी विद्या आहे. गिरणीच्या कागदात बहुतेक तंतू यंत्राच्या चालीने एकाच दिशेला झोपतात, म्हणून तो एका बाजूने सहज दुमडतो, दुसऱ्या बाजूने कुरकुरतो. हाताने हलवलेल्या तावात ते चहूकडे गुंफले जातात. पुढे कापडावर उलटणं, दाब, वाळवण, खळ आणि शेवटी रुळांमधून घोटाई.

खळ कमी पडली की शाई फुटते. जलरंगाचा हात किती ओला ठेवायचा, बोरू किती दाबायचा, हे ताव सांगतो आणि ते ऐकावं लागतं. पडद्यावर चुकलेली रेघ एका बटणात पुसली जाते. तावावर ती राहते, म्हणून ओढण्याआधी हात थांबतो. माझ्या मते रेखनाचं अर्धं शिक्षण त्या थांबण्यात आहे. संगणक टाकून द्या असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या बोटांना खरखरीत आणि घोटीव यांतला फरक कळतो, त्याची पडद्यावरची निवडही निराळी होते.

आणि हा कागद टिकतो. सुती तंतू जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असतो. लाकडातलं लिग्निन वर्तमानपत्राला पिवळं पाडतं, ते त्यात नसतंच. भारतीय संविधानाची हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी हाताने लिहिली, ती पुण्यातल्या याच हातकागद केंद्राच्या कागदावर. २६४ पानं, वजन सुमारे १४ किलो. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या सदस्यांनी तिच्यावर सह्या केल्या. आज ती संसदेच्या ग्रंथालयात निष्क्रिय वायूच्या पेटीत जपलेली आहे.

तेव्हा सुट्टीच्या नव्हे, कामाच्या दिवशी या. हौदाशी उभं राहून एक ताव निघताना पाहा. जाताना एक विकत घ्या, आणि घरी पोचल्यावर संगणक उघडण्याआधी त्याच्यावर पहिली रेघ ओढा.