माळ्यावरची २६७ रिळं

ब्रिटिश संगीतकार डेलिया डर्बिशायर यांचं जुलै २००१मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टन इथं निधन झालं. त्यानंतर त्यांच्या घराच्या माळ्यावर टेपची २६७ रिळं मिळाली. न्याहारीच्या सीरियलच्या रिकाम्या खोक्यांत भरून ठेवलेली! त्यांनी घडवलेली एक धून ब्रिटनमधल्या लहानथोरांना तोंडपाठ होती, पण त्या धूनसोबत पडद्यावर त्यांचं नाव कधी झळकलं नव्हतं.

ही धून 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या मालिकेची. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ती पहिल्यांदा वाजली. रचना रॉन ग्रेनर यांची. तिला ध्वनिरूप दिलं डेलिया यांनी, बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिप्रयोगशाळेत. त्या खोलीत सिंथेसायझर नव्हता. एक छेडलेली तार, ऑसिलेटरचे सूर आणि सूं सूं करणारा गोंगाट एवढ्याच भांडवलावर काम सुरू झालं. प्रत्येक स्वर टेपवर मुद्रित करायचा, टेपचा वेग कमी-जास्त करून तो हव्या त्या उंचीवर आणायचा, मग टेप मोजून कापायची आणि तुकड्याला तुकडा जोडायचा. सहायक डिक मिल्स यांच्या मदतीनं असे शेकडो सांधे जुळले. ऐकल्यावर ग्रेनर इतके थक्क झाले, की आपल्या मानधनातला अर्धा वाटा डेलिया यांना मिळावा असा त्यांनी आग्रह धरला. बीबीसीच्या नियमांत ते बसलं नाही. श्रेयनामावलीत त्यांचं नाव आलं ते २०१३ साली, मालिकेच्या पन्नाशीच्या विशेष भागात.

डेलिया १९३७ साली कॉव्हेंट्रीत जन्मल्या. महायुद्धात या शहरावर बॉम्ब पडले, तेव्हाचे भोंगे त्यांच्या कानात घर करून राहिले होते. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजमधून गणित आणि संगीत शिकून त्या बाहेर पडल्या, तर डेक्का या रेकॉर्ड कंपनीनं सांगितलं, की आम्ही ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत बायकांना घेत नाही. १९६० साली त्या बीबीसीत लागल्या आणि दोन वर्षांनी वर्कशॉपमध्ये पोचल्या.

ज्या कामाची नोंद संस्थेनं नीट ठेवली नाही, ते आज टिकलं आहे ते माणसांच्या चिवटपणामुळे. माळ्यावरची रिळं आधी वर्कशॉपचे अभिलेखपाल, संगीतकार मार्क आयर्स यांनी सांभाळली. २००७ साली ती मँचेस्टर विद्यापीठात आली आणि तिथल्या डेव्हिड बटलर यांच्या पुढाकारानं त्यांचं डिजिटायझेशन झालं. बऱ्याच रिळांवरची लेबलं सुटून पडलेली. कुठला आवाज कुठल्या नाटकाचा, कुठल्या माहितीपटाचा, हे ऐकून ऐकून लावायचं होतं. त्यात साठच्या दशकातला एक ठेक्याचा तुकडा निघाला. 'ऑर्बिटल' या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या जोडीतले पॉल हार्टनोल यांना तो अगदी पुढच्या आठवड्यात नव्यानं प्रकाशित होऊ शकेल असा वाटला. पुढे कॉव्हेंट्रीच्या घरात सापडलेल्या शाळकरी वह्या आणि कागदही या संग्रहात जमा झाले.

संग्रह कपाटात बंद राहू नये यासाठी मँचेस्टरमध्येच संगीतकार कॅरो सी यांनी 'डेलिया डर्बिशायर डे' सुरू केला. पहिला कार्यक्रम २०१३चा. २०१६मध्ये त्याची धर्मादाय संस्था झाली. इथं दरवेळी जुन्या ध्वनिफितींना हार घातला जात नाही. आजच्या कलाकारांनी संग्रह ऐकावा आणि त्यातून नवं काही रचावं, यासाठी त्यांना काम दिलं जातं. मुलांच्या कार्यशाळांत रोजच्या वापरातल्या वस्तूंचे आवाज टिपून, उलटे फिरवून, ताणून संगीत कसं होतं, ते मुलं स्वतः करून बघतात. डेलियांची रीतही हीच होती. 'ब्लू व्हेइल्स अँड गोल्डन सँड्स' या त्यांच्या रचनेतला सूर दिव्याच्या पत्र्याच्या शेडवर टोला देऊन मिळवलेला आहे. अशा उपक्रमांमुळेच एका धूनच्या सावलीत झाकलेल्या या रचना पुन्हा कानावर येऊ लागल्या.

जन्मगावानंही उशिरा का होईना, दखल घेतली. २०१६ साली कॉव्हेंट्रीतल्या एका रस्त्याला 'डर्बिशायर वे' हे नाव मिळालं. २०१७मध्ये बालपणीच्या घरावर निळी पाटी लागली आणि त्याच वर्षी कॉव्हेंट्री विद्यापीठानं मरणोत्तर डॉक्टरेट दिली. २०२० साली कॅरोलाइन कॅट्झ यांनी त्यांच्यावर चित्रपट केला. त्याच्या संगीतासाठी संगीतकार कोझी फॅनी टुटी यांनी या संग्रहाचाच आधार घेतला.

बीबीसीच्या याच वर्कशॉपच्या संस्थापकांपैकी एक, डॅफ्नी ओरम यांच्या वाट्यालाही अशीच उपेक्षा आली. १९५८ साली वर्कशॉप उभं राहिलं आणि वर्षभरात त्या बाहेर पडल्या. केंटमधल्या घरी त्यांनी ३५ मिलिमीटर फिल्मवर रेघा ओढून आवाज निर्माण करणारं 'ओरामिक्स' यंत्र बांधलं. आता त्यांचे कागद आणि फिती लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयात आहेत. वाद्यवृंद आणि ग्रामोफोनच्या तबकड्या यांच्यासाठी १९४९च्या सुमारास लिहिलेली त्यांची 'स्टिल पॉइंट' ही रचना जेम्स बुली आणि शिवा फेशारेकी यांनी हस्तलिखितांवरून पुन्हा उभी केली आणि २०१८ साली ती बीबीसी प्रॉम्स या संगीत महोत्सवात वाजली. २०१७पासून ओरम यांच्या नावानं पुरस्कारही दिले जातात. आवाज आणि तंत्रज्ञान यांच्याशी खेळणाऱ्या नव्या स्त्री-कलाकारांना त्यातून पैसा आणि पाठबळ मिळतं, आणि डेक्कानं डेलियांना ज्या खोलीबाहेर ठेवलं, तशा खोल्यांत त्या आज आपल्या नावानं काम करतात.