दातांच्या दवाखान्यातून आलेली नखं

श्रावण-भाद्रपदात भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारांवर तेरडा फुलतो. गौरीच्या सणाला तो घरात येतो, आणि अंगणात त्याचा आणखी एक उपयोग होतो. पाकळ्या आणि पानं चेचून तो लगदा नखांवर थापायचा, वर पान गुंडाळून दोऱ्याने बांधायचं. सोडल्यावर नखं नारिंगी-तांबूस निघतात. मेंदीत असतं तेच लॉसोन नावाचं रंगद्रव्य तेरड्यातही असतं आणि ते नखातल्या केराटिन या प्रथिनाला धरून बसतं. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण फुलापुरती खरी. नखावर चढलेला रंग नख वाढून कापलं जाईपर्यंत जात नाही. कोरियातल्या मुली याच फुलाने नखं रंगवत आल्या आहेत. पहिला बर्फ पडेपर्यंत रंग टिकला, तर पहिलं प्रेम सफल होतं, अशी तिकडची समजूत.

खोटी नखंही आपल्याकडे नवी नाहीत. गुलमोहराच्या कळीची दलं सोलून, थुंकी लावून बोटांवर चिकटवली नाहीत असं बालपण विरळाच. वाढलेली नखं कापण्याचं काम मात्र बलुत्यातलं. न्हाव्याच्या धोकटीत वस्तऱ्याशेजारी नराणी असायची आणि त्या कामाचा मोबदला सुगीला धान्यात मिळायचा.

हेच काम दुकानात बसून, पैसे घेऊन, बायकांनी बायकांसाठी करायचं, ही रीत तुलनेने अलीकडची. 1878 मध्ये मेरी कॉब या बाईंनी न्यूयॉर्कमध्ये मॅनिक्युअरचं दुकान थाटलं. फ्रान्समध्ये शिकलेलं तंत्र त्यांनी अमेरिकेत आणलं. 1911 मध्ये नॉर्थम वॉरन यांनी ‘क्युटेक्स’ बाजारात आणलं. ते नेलपॉलिश नव्हतं. नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी, जिला पार्लरमध्ये क्युटिकल म्हणतात, ती न कापता मऊ करून काढण्याचा तो द्रव होता. या कातडीकडे मी पुन्हा येणार आहे, कारण सगळी गोष्ट तिथेच येऊन थांबते.

रंगाची बाटली आली ती मोटारींच्या रंगामागोमाग. पहिल्या महायुद्धानंतर नायट्रोसेल्युलोजपासून लवकर वाळणारे चकचकीत रंग तयार होऊ लागले. 1923 च्या सुमारास ‘ड्युको’ हा असा रंग मोटारींवर चढला आणि त्याच रसायनाचा पातळ अवतार बोटांवर आला. 1932 मध्ये रेव्हसन बंधू आणि चार्ल्स लॅचमन यांनी ‘रेव्हलॉन’ काढली, तीही नेलपॉलिशच्या जोरावर. आपल्याकडे परदेशी सौंदर्यप्रसाधनांवर परकीय चलन खर्च होत होतं. त्यावर उतारा म्हणून 1952 मध्ये टाटांनी ‘लॅक्मे’ सुरू केली. पुढे सिमोन टाटा यांनी ती घराघरांत नेली.

त्याच 1952 साली पुण्यातल्या श्रीधर चिल्लाल या शाळकरी मुलाने डाव्या हाताची नखं कापणं बंद केलं. शिक्षकांचं जपून वाढवलेलं नख त्याच्या हातून मोडलं, आणि नख जपणं म्हणजे काय ते तुला कळणार नाही, असं त्याला सुनावण्यात आलं. त्याने ते मनावर घेतलं. 2018 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ती नखं कापली, तेव्हा पाच नखांची मिळून लांबी 909.6 सेंटिमीटर भरली. गिनीज बुकात नाव गेलं, पण तो हात कायमचा अधू झाला होता.

कृत्रिम नखांचा खरा इतिहास मात्र दातांच्या दवाखान्यात घडला. 1934 मध्ये शिकागोच्या मॅक्सवेल लॅप या दंतवैद्याने नखं कुरतडण्याची सवय असलेल्यांसाठी चिकटवायची नखं तयार केली. 1950 च्या दशकात फिलाडेल्फियाच्या फ्रेड स्लॅक या दंतवैद्याचं काम करताना नख मोडलं. हाताशी होतं तेच घेऊन त्याने इलाज केला: बोटाखाली अॅल्युमिनियमचा पातळ कागद धरला आणि दात बनवायचं अॅक्रिलिक त्यावर पसरून नख घडवलं. आजीची कवळी ज्या कुळातल्या पदार्थाची, त्याच कुळातलं हे नख. पावडर आणि द्रव एकत्र आले की साखळ्या जुळतात आणि काही मिनिटांत लगदा कडक होतो. पुढे ‘सीएनडी’ ही कंपनीही एका दंतवैद्यानेच काढली, आणि आज जगभर विकली जाणारी ‘ओपीआय’ मुळात दंतवैद्यकीय सामान विकणारी ‘ओडोंटोरियम प्रॉडक्ट्स’ होती.

त्यातली पहिली चूकही लवकरच उघड झाली. दातांसाठीचं मिथाइल मेथाक्रिलेट नखांवर वापरल्याने नखं सुटणं, कातडीला सूज येणं अशा तक्रारी वाढल्या आणि 1974 च्या सुमारास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यावर कारवाई केली. मग धंद्याने दुसरी रसायनं घेतली. 2010 च्या आसपास जेल पॉलिश आलं: दिव्याच्या अतिनील प्रकाशात धरलं की घट्ट होणारं, आठवडेच्या आठवडे टिकणारं.

मला या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते ती 1975 ची घटना. व्हिएतनाममधून आलेल्या निर्वासित बायका कॅलिफोर्नियातल्या छावणीत होत्या. हिचकॉकच्या ‘द बर्ड्स’ची नायिका टिपी हेड्रन तिथे मदतीला जायची. बायकांची नजर तिच्या नखांवर खिळलेली पाहून तिने आपल्या मॅनिक्युअर करणारीलाच बोलावून घेतलं. जवळपास वीसजणी ते काम शिकल्या, परवाना मिळवून कामाला लागल्या. आज अमेरिकेतला हा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर व्हिएतनामी कुटुंबांच्या हातात आहे. परक्या मुलखात, भाषा येत नसताना, थोड्या भांडवलावर उभं राहता येईल असं हे कसब आहे. म्हणून ज्यांना हे नटण्या-मुरडण्याचे चोचले वाटतात, त्यांच्याशी माझं जमत नाही. आपल्या तालुक्यातली एखादी मुलगी पुण्याला जाऊन नेल आर्टचा कोर्स करत असेल, तर ती हुनर शिकते आहे.

आता आपल्या हातांकडे वळू. भोर आणि वेल्हे (वेल्हे म्हणजे आताचा राजगड तालुका) हा भाताचा मुलूख. आषाढात लावणी सुरू झाली की बायकांचे हात दिवसभर खाचरात. मूठ सोडवायची, रोप बोटांनी चिखलात रोवायचं, पुन्हा वाकायचं. पाण्याने नखाच्या मुळाची ती पातळ कातडी फुगते, मऊ पडते आणि सुटते. ती म्हणजे नख आणि बोट यांच्यामधलं झाकण. झाकण उघडलं की जंतू आणि बुरशी आत शिरतात, बाजू लाल होऊन ठणकते. हेच आपलं नखुरडं. पायांच्या बोटांत चिखल्या होतात, त्याच पाण्यामुळे. लावणी उरकली तरी धुणी-भांडी, शेण-गोठा चालूच, त्यामुळे हात कोरडे होत नाहीत आणि दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळतं.

पार्लरमध्ये क्युटिकल खरवडून कापतात, तेव्हा हेच झाकण कात्रीने काढलं जातं. लावणीने सुजलेल्या बोटावर दिवाळीनंतरच्या लग्नसराईत जेल चढवलं, तर दुखणं रंगाखाली झाकलं जातं, बरं होत नाही. दुसरा धोका अॅलर्जीचा. जेलमधली अॅक्रिलेट रसायनं घट्ट होण्याआधी कातडीला वारंवार लागली, तर शरीर त्यांच्यावर चिडतं आणि ती चीड जन्मभर राहू शकते. पुढे दातांच्या उपचारातही त्रास होऊ शकतो, कारण तिथेही याच कुळातले पदार्थ वापरतात. घरी स्वस्त संच आणि कमी ताकदीचा दिवा वापरणाऱ्यांना हा धोका अधिक, आणि रोज हे काम करणाऱ्या मुलीला सर्वांत अधिक. अॅलर्जीपेक्षा वेगळ्या कारणासाठी युरोपीय संघाने जेलमधल्या टीपीओ या घटकावर 1 सप्टेंबर 2025 पासून बंदी घातली आहे.

तेव्हा या दिवाळीत नखं जरूर सजवा. मात्र नखुरडं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. क्युटिकल कापू देऊ नका. जेल सोलून ओढू नका, अॅसिटोनमध्ये भिजवून काढून घ्या. घरात कुणी परिचारिका असेल, तर तिने कृत्रिम नखं लावूच नयेत. जागतिक आरोग्य संघटनेची तशी शिफारस आहे. आणि तुमच्या गावातल्या पार्लरवाल्या मुलीला हातमोजे घालायला, खिडकी उघडी ठेवायला सांगा. त्यासाठी तिने चार पैसे जास्त मागितले, तर घासाघीस न करता द्या.