वाड्याबरोबर एक दिवस

पहाटे साडेपाच. माणगाव तालुक्यातल्या कापलेल्या भातखाचरात मुक्काम. घोंगडी वरून दवाने भिजली आहे, आत मात्र ऊब तशीच. फलटणकडच्या धनगरांचा हा वाडा दिवाळीनंतर ताम्हिणी उतरून कोकणात आला; पावसाआधी परत घाट चढेल. तीन बिऱ्हाडं, पाच घोडी, दोनेकशे मेंढरं. मी लिहिते आणि फोटो काढते. चार दिवस यांच्यातच आहे.

सात. वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, सोडली. डालग्याखालची कोकरं निघाली आणि एकच कल्लोळ उठला. वाड्यातल्या एक मावशी मधोमध उभ्या राहून एकेकाला उचलतात आणि बिनचूक त्याच्या आईपुढे ठेवतात. मला सगळी कोकरं सारखीच दिसतात. "कसं ओळखता?" म्हटलं, तर म्हणाल्या, "तुमी तुमची पोरं कशी वळाकता, ताई?"

साडेआठ. पुरुष मेंढरं घेऊन गेले. इथून पुढचं काम सगळं बायकांचं, आणि मी आले ती यासाठीच. लाल पटक्यातल्या म्हाताऱ्या धनगराचे फोटो ढिगाने निघतात. रोज एक संसार मोडून घोड्यावर चढवणाऱ्या बाईचा फोटो शोधावा लागतो. आधी वाकळा, त्यावर पिठाची पिशवी, दोन्ही अंगांना भांडी, वजन हाताने तोलून. कासरा आवळताना मावशी घोडीच्या पोटाला गुडघा लावतात. तळहातावर दोराची जुनी काळी रेघ आहे. मी तिच्यावर फोकस धरला तेवढ्यात हाक आली, "आवं ताई, त्यो क्यामेरा ठिवा अन् ही दोरी धरा!" धरली. सर्वांत वर पाटी, तिच्यात कालची जन्मलेली दोन कोकरं. पाऊण तासात शेत रिकामं. उरली फक्त तीन दगडांची चूल.

दुपार चालण्यात गेली.

चार. नवं शेत. शेजारच्या खाचरात वाल उभा आहे, म्हणून मालक बांधावर येऊन बजावतो. त्याला लेंडीखत हवंय, वालाची नासाडी नको. मेंढरं रात्रभर बसवायचा मोबदला पूर्वी भातात मिळायचा, आता बहुतेक रोख. बोलणी मावशींनी केली. तोवर त्यांची सून हंडा घेऊन विहिरीकडे गेली होती.

साडेसहा. वही उघडते. फोटोखाली नुसतं 'धनगर स्त्री' लिहिणं मला मान्य नाही. तिला विचारून, तिला चालेल तेच नाव घालते. वस्तूंचे शब्दही तिच्याच तोंडचे. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर या लोकांत राहिले, त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि १९७६ साली बिरोबा, म्हसकोबा, खंडोबावर ग्रंथ लिहिला. ओव्यांना असा ऐकणारा मिळाला. घोडी लादण्याच्या कसबाची नोंद कोणीतरी तितक्याच निगुतीने करायला हवी.

नऊ. भाकरी, हुलग्याचं माडगं. मागच्या खेपेचे छापलेले फोटो मी त्यांच्या हाती दिले. मावशींनी स्वतःचा बाजूला ठेवला आणि घोडीचा बराच वेळ पाहिला. ती घोडी आता नाही.

घाटात असा वाडा आडवा आला तर गाडी थांबवा, हॉर्न वाजवू नका. घोडी बुजली की वरची पाटी खाली येते, आणि तिच्यात कोकरं असतात, कधी तान्हं मूलही.