जन्म गावी, मृत्यूची नोंद मुंबईत

पनवेलला नगरपालिका आली 1852 साली. रस्ते, दिवे, पाणी, देवीची लस हे तिचे विषय. बाळंतपण मात्र माजघरापलीकडच्या अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हाती. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बाळंतपणालाही पालिकेच्या खात्यात जागा मिळाली, पण ती खाडीपलीकडे मुंबईत.

त्यामागे एक भयंकर आकडा होता. 1921 साली मुंबईत जन्मनोंदीच्या दर हजारी 666 अर्भकं दगावली. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत तर 828. या आकड्याला एक खोट आहे आणि ती कोकणातली माणसं चटकन ओळखतील. कुलाबा-रत्नागिरी जिल्ह्यांतली गिरणीकामगारीण बाळंतपणाला मुलखात जायची. जन्माची नोंद गावात, पोलीस पाटलाकडे. पोर घेऊन ती परळच्या खोलीत परतली आणि ते गेलं, की मृत्यू मुंबईच्या खात्यावर. भागाकारात खालचा आकडा लहान, वरचा मोठा! पण ही खोट काढली तरी जे उरतं ते कुठल्याही शहराने मान खाली घालायला पुरेसं आहे.

पालिकेने गिरणगावात नर्सेस फिरवल्या, प्रसूतिगृहं चालवली. 1921 मध्येच इन्फन्ट वेल्फेअर सोसायटी निघाली, 1926 मध्ये परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उभं राहिलं. नर्स चाळीचा जिना चढून पोराला आंघोळ कशी घालावी, काय पाजावं ते सांगायची. सांगणं बरोबरच होतं. पण ऐकणारी बाई सकाळी गिरणीत जाणार. 1922च्या कायद्यानेही अकरा तासांचा दिवस चालत होता. तोवर पोराजवळ कोण? म्हणून बाळगोळी, म्हणजे अफू. गिरणीकामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी सरकारने डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंकडे सोपवली होती. त्यांच्या 1922च्या अहवालात, कामगार बायकांच्या शंभरातल्या 98 पोरांना अफू दिली जाते, असं नोंदलं आहे. त्याला आयांचं अडाणीपण म्हणणारे तेव्हाही कमी नव्हते. मला तो पाळणाघर नसलेल्या गिरणीचा हिशोब वाटतो.

म्हणून या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो दवाखाना नव्हे, रोख पैसा. कामगार पुढारी ना. म. जोशींचं प्रसूती-लाभाचं, म्हणजे बाळंतपणाच्या सुट्टीत पैसे देण्याचं, विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात 1925 साली पडलं. पुढे आर. एस. आसवले यांनी तसंच विधेयक मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात आणलं. 28 जुलै 1928 रोजी डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना मुद्दा लावून धरला, की बाळंतपणाआधीची आणि नंतरची विश्रांती हे राष्ट्राचंच हित आहे. भार मुख्यतः सरकारने उचलावा, पण मालकालाही त्यातून मोकळं सोडता येणार नाही. 1929 साली कायदा झाला: रोज आठ आणे, सात आठवडे. नर्सची पायरी मुंबईच्या हद्दीत संपायची. हे पैसे मात्र गावी जाणाऱ्या बाईच्या पदराला बांधता येत होते.

त्याच वर्षी मुंबईचा बालमृत्यूदर 298 वर आला. श्रेय कुणाला किती, यावर वाद घालता येईल. नोंदणी सुधारली हाही त्यातला एक भाग.

1929चा हा कायदा होता कारखान्यांपुरता. पनवेलच्या आसपास मिठागरात मीठ ओढणारी किंवा चिखलात भात लावणारी बाई त्यात बसत नव्हती. सबंध देशाचा कायदा यायला 1961 साल उजाडलं, आणि तोही सुरुवातीला कारखाने, खाणी आणि मळे यांच्यापुरताच.